डॉक्टरांच्या पसंतीचा सिगार

माझा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर आहे. दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. एक खुर्ची, एक लांब बाकडं आणि बाकड्यासमोर माझं टेबल. माझे मिस्टर गेल्यावर दादाने मला या टेबलाशी आणून बसवलं. लोकांना वेळ द्यायची, घाबरलेल्यांना धीर द्यायचा आणि दादा एखाद्यावर उखडला की मध्ये पडायचं, एवढं माझं काम. दादा उखडायचा तो एकाच गोष्टीवर, तंबाखूवर. पेशंटने आ केला की याचं नाक आधी पुढे जायचं. "कधीपासून?" एवढंच विचारायचा. त्यावर कोणी "छे हो डॉक्टर, मी कुठे" म्हणालं की त्याची खैर नसे.

आणि हाच माणूस दर शनिवारी संध्याकाळी सिगार ओढायचा.

तुम्हाला हसू येईल. मला येत नसे. मी त्याला तोंडावर ढोंगी म्हटलंय, तेही एकदा नाही. तो म्हणायचा, "ओढणं वेगळं आणि चाखणं वेगळं. मी धूर आत घेत नाही."

"तोंडात तर घेतोस ना? मग ते तुझंच खातं आहे की," मी म्हणायचे. यावर तो हातमोजे बदलायला आत जायचा.

नाद लागला तो एका पेशंटमुळे. परदेशी जाऊन आलेल्या त्या गृहस्थांनी कवळी नीट बसली म्हणून खुशीने लाकडी डबी आणून दिली. दादाने त्यातला एक सिगार गच्चीवर जाऊन पेटवला, ठसका लागला, टाकून दिला. पण माणूस जात्याच चिकित्सक. दुसरा ओढताना त्याच्या लक्षात आलं की पेटवल्यावर येते ती चव मध्यावर राहत नाही, आणि शेवटी तिसरंच काहीतरी जिभेवर येतं. झालं. ते का होतं हे शोधत तो जो आत शिरला तो बाहेर येईना. घरात सिगार ठेवायला देवदाराची पेटी आली, ते वाळू नयेत म्हणून पेटीत ओलावा मोजायचं छोटं घड्याळ आलं. वहिनी म्हणाली, "माझ्या पिठाच्या डब्यात अळ्या झाल्या तेव्हा कोणी ओलावा मोजला नाही."

त्याचं ते चाखणं मी पाहिलंय, म्हणून सांगते. आधी सिगारवरची कागदी पट्टी काढून टाकायची, म्हणजे नाव पाहून मत बनत नाही. मग वरच्या पानावरून बोट फिरवायचं. शिरा जाड आहेत का, कुठे भेग आहे का, आत तंबाखू कुठे घट्ट कुठे सैल भरलीय का. टोक कापायचं आणि न पेटवताच एकदा ओढून बघायचं. मग ज्योतीला न टेकवता, लांबून, गोल फिरवत पेटवायचं. त्यानंतर घाई नाही. एक झुरका, तो तोंडात फिरवायचा, सोडायचा, आणि मग समाधी लागल्यासारखं बसायचं. "चामडं," तो म्हणायचा. थोड्या वेळाने, "नाही, चामडं नाही. जुनं कपाट उघडल्यावर येतो तो वास." वहिनी खिडकी लावून घ्यायची.

पुढे शनिवारची ही बैठक घराऐवजी सिगारच्याच दुकानात, मागच्या खोलीत भरायला लागली. जुन्या चामड्याच्या चार खुर्च्या आणि धूर ओढून घेणारा एक पंखा. मंडळींत एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांना सगळे जजसाहेब म्हणत. बाकी दोघे-तिघे येऊन जाऊन. दुकानदार मोठा गोडबोल्या. दादा आला की उठून उभा राहायचा, खुर्ची स्वतः पुसायचा, "डॉक्टरसाहेब, तुमच्या जिभेसारखी जीभ या गावात नाही" म्हणायचा. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता. इतकं पुसण्यासारखं खुर्चीवर काय असतं?

तर एका शनिवारी या दुकानदाराने नवा माल आणला. फार महागडा. पट्ट्या काढून त्याने सगळ्यांच्या हातात एकेक सिगार दिला आणि मत विचारलं. त्या दिवशी दवाखान्यात एक अक्कलदाढ दमवून गेली होती, म्हणून दादा पांढरा कोट अंगावर ठेवूनच तिकडे गेला होता. त्याने जे मत दिलं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द ऐकवलं, कारण त्या वाक्यावर तो स्वतःच खूश होता. तो म्हणाला होता, "सुरुवातीला देवदार आणि भाजलेल्या कॉफीची सुरेख चव येते, पण ती मध्यापर्यंत टिकत नाही. तिथून पुढे ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं. आणि शेवटी जिभेला जो चटका बसतो तो कधी विसरता येणार नाही." शंभरपैकी त्याने एकोणसत्तर गुण दिले. दुकानदाराने मान डोलावली, आठवण म्हणून सगळ्यांचे फोटो काढले आणि दादाला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

आमच्याकडे एक बस ड्रायव्हर यायचे. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. दादाने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना आरसा हातात देऊन दाखवला आणि म्हणाला, "ही धोक्याची पाटी वाचता येते ना तुम्हाला? मग ब्रेक लावा." ड्रायव्हरनी त्या दिवशी सिगारेटचं पाकीट माझ्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. फार जड गेलं त्यांना. चिडचिड करायचे, बडीशेप चघळायचे, बाकड्यावर बसून मला बायकोची गाऱ्हाणी सांगायचे. पण सोडली. चट्टाही फिका पडत चालला होता. दादा त्यांच्याविषयी आमच्या घरी असं बोलायचा, जसं काही स्वतःचाच मुलगा परीक्षेत पास झालाय.

एके दिवशी सकाळी ते तपासणीला आले, खुर्चीवर बसले, पण तोंड उघडेनात.

"आ करा," दादा म्हणाला.

"डॉक्टर, तुमचा फोटो पाहिला."

"कुठे?"

"सिगारच्या दुकानात. काचेत लावलाय, हा एवढा. आमची बस तिथे सिग्नलला थांबते." मग ते म्हणाले, "तुम्ही मला सांगता ते खरं, की तिथे लिहिलंय ते?"

दादाला काही कळेना. मलाही नाही. तो काही विचारणार इतक्यात ड्रायव्हर उठले. ओरडले नाहीत, काही नाही. जाताना मला म्हणाले, "मला सिगारेट परवडते, ताई. डॉक्टरांना सिगार परवडतो. चट्टा मात्र मलाच." आणि जिना उतरून गेले.

दादाने लगेच बाकड्यावरच्या लोकांना थांबायला सांगितलं आणि खाली उतरला. मीही मागोमाग गेले, दवाखाना वाऱ्यावर सोडून. सिग्नलजवळच्या त्या सिगारच्या दुकानाच्या काचेत माणसाच्या उंचीचा फलक होता. पांढऱ्या कोटातला दादा, डोळे मिटलेले, हातात सिगार. वर मोठ्या अक्षरांत 'डॉक्टरांची पसंती'. खाली लिहिलं होतं: 'देवदार आणि भाजलेल्या कॉफीची सुरेख चव... कधी विसरता येणार नाही.' त्याखाली 'शहरातले नामवंत दंतवैद्य', आणि कोपऱ्यात सोनेरी गोलात आकडा. शहाण्णव.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा मात्र थंड दिसत होता, आणि ते जास्त वाईट होतं. तो आत गेला. दुकानदार नेहमीसारखा उठून उभा राहिला.

"पुठ्ठा कुठे गेला?" दादाने विचारलं.

"अं?"

"मी म्हणालो होतो ओला पुठ्ठा. तो कुठे गेला?"

"अच्छा, ते होय," दुकानदार हसून म्हणाला. "डॉक्टरसाहेब, एवढ्याशा फलकावर सगळं कुठे मावणार? पण एक शब्द माझ्या पदरचा नाही. सगळे तुमचेच."

"आणि शहाण्णव?"

"छापणाऱ्याकडून आकडे इकडचे तिकडे झाले असतील. तसे दोन्ही आकडे तुमचेच आहेत म्हणा."

मला वाटलं दादा आता हात उगारतो. त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "मी लोकांच्या तोंडातले चट्टे बघतो," तो म्हणाला. "माझ्या पेशंटांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर, माझ्या कोटासकट, माझ्या तोंडी हे घालताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

"अहो, पण तुम्ही ओढता की," दुकानदार म्हणाला, अगदी साळसूदपणे. "मी काय खोटं दाखवलं? बरं, तुम्हाला त्रास झाला असेल तर एक पेटी घेऊन जा, माझ्याकडून."

ती पेटी त्याने खरंच काउंटरवर ठेवली. दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्यापर्यंत फलक उतरवा," एवढंच बोलून तो बाहेर पडला.

फलक दुसऱ्या दिवशी उतरला नाही. त्या आठवड्यातच उतरला नाही. मी रोज मुद्दाम त्या बाजूने यायचे आणि रोज रक्त आटवून घ्यायचे. दवाखान्यात तर तमाशाच झाला. एका बाईंनी आपल्या सासऱ्यांना घेऊन यायची वेळ घेतली होती, त्यांनी फोन करून सांगितलं, "सासरे म्हणतात, ते डॉक्टर स्वतःच ओढतात, मग मला काय सांगणार." एका कॉलेजातल्या पोराने तर दादाकडून दात साफ करून घेता घेता विचारलं की कोणता सिगार घेऊ. दादाने त्याच्या तोंडात पाण्याची नळी इतकी घट्ट बसवली की पुढचं बोलणंच झालं नाही.

शनिवारी दादा जजसाहेबांकडे त्यांच्या घरी गेला. मत देताना ते समोर बसले होते, त्यांनी शब्द ऐकले होते. त्यांनी फक्त दुकानदाराला चार शब्द सुनावले असते तरी काम झालं असतं. पण जजसाहेबांनी कानांवर हात ठेवले. "आपला छंद खाजगी आहे, डॉक्टर. बभ्रा कशाला? आणि तो बसायला जागा देतो. उद्या त्याने खोली बंद केली तर आपण कुठे जायचं?"

"त्याने तुमचा फोटो का नाही लावला?" दादाने विचारलं.

"माझ्या वाटेला जायचं धाडस नाही त्याचं."

"म्हणजे माझ्या वाटेला गेलेलं चालतं."

जजसाहेबांनी चहा मागवला. दादा चहा न घेता घरी आला.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. दादा खोलीत येरझाऱ्या घालत होता. पुठ्ठा, शहाण्णव, छापणारा, जजसाहेब, एकेकाचा उद्धार चालला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शाळेत शिकवते, तिला वर्ग शांत करायची सवय आहे. तिने घडी बाजूला ठेवली.

"अहो, एक सांगा. तुम्हाला राग नक्की कशाचा आलाय? वाक्य कापलं म्हणून, की ते ड्रायव्हर उठून गेले म्हणून?"

"दोन्हीचा," दादा म्हणाला.

"गेला आठवडाभर मी पुठ्ठाच ऐकतेय. ड्रायव्हर एकदाही ऐकले नाहीत."

दादा खाली बसला. मला वहिनीचाही राग आला, खरं सांगते. बिचारा आधीच पोळलेला, त्यात हिने मीठ चोळलं. पण तिचं चुकलं नव्हतं. दादा म्हणाला, "तपासणीची तारीख टळून गेली त्यांची."

"मग?"

"मग काय. मी जातो."

सोमवारी सकाळी त्याने आधी एक गोष्ट केली. एक मोठा पांढरा कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला. त्यावर लिहिलं होतं: 'सिगारच्या दुकानात माझ्या नावाने लावलेला मजकूर अर्धवट कापलेला आहे. मी शनिवारी एक सिगार ओढतो, हे खरं आहे. सिगार तोंडाला, हिरड्यांना आणि जिभेला घातक आहे, धूर आत न घेताही. तो ओढा असं मी दंतवैद्य म्हणून कोणालाही सांगितलेलं नाही, सांगणार नाही. शिवाय तो विशिष्ट सिगार वाईट होता.'

"शेवटची ओळ कशाला?" मी विचारलं.

"कारण ती खरी आहे," तो म्हणाला, आणि खिशात छोटा आरसा आणि बॅटरी टाकून बस डेपोकडे निघाला.

डेपोत काय झालं ते मला नंतर ड्रायव्हरनीच सांगितलं. ते पत्र्याच्या शेडखाली बसच्या पायरीवर बसले होते, बोटांत सिगारेट. दादाला पाहून त्यांनी ती विझवलीही नाही.

"पुन्हा सुरू केलीत," दादा म्हणाला.

"हो. डॉक्टरांची पसंती."

दादाने ते ऐकून घेतलं. मग त्याने सगळं सांगितलं. वाक्य कसं कापलं, आकडे कसे फिरवले. ड्रायव्हरनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण ओढता ना?"

"ओढतो."

"मग त्या दुकानदाराचं एवढंच चुकलं की त्याने जास्त मार्क दिले."

आजूबाजूचे कंडक्टर हसले. दादा हसला नाही. "तुम्हाला मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण आधी आ करा," तो म्हणाला. त्या पायरीवर, चार लोकांच्या देखत, बॅटरी लावून त्याने तोंड तपासलं. चट्टा पुन्हा पसरला होता आणि त्याची एक कड जाड झाली होती. दादाचा चेहरा पाहून कंडक्टरांचं हसू थांबलं. त्याने डेपो मॅनेजरकडे जाऊन त्यांची पाळी बदलून घेतली आणि स्वतःच्या गाडीत घालून त्यांना थेट मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे त्या जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

निकाल येईपर्यंतचे दिवस दादाने कसे काढले ते मला माहीत आहे. खुर्चीवरच्या पेशंटशी धड बोलत नव्हता, मला उगाच टोचून बोलत होता. तो शनिवार आला तसा गेला. पेटी उघडली नाही.

आणि त्याच दिवसांत तो दुकानदार दवाखान्यात आला. त्याच्या कानावर भिंतीवरचा कागद गेला होता. बाकडं भरलेलं असताना दारातूनच आवाज चढवून म्हणाला, "माझ्या मालाला वाईट म्हणता? चारचौघांत? मी वकिलाकडे जाईन."

दादा हातात चिमटा घेऊन बाहेर आला. "जरूर जा. तिथे मी माझं वाक्य पूर्ण सांगेन. जजसाहेबांना साक्षीला बोलवा, त्यांना खाजगी छंद आहे."

"तुम्ही माझं गिऱ्हाईक तोडताय, डॉक्टर."

"तुम्ही माझा पेशंट तोडलात," दादा म्हणाला. आवाज चढला नाही, पण मी इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "तो आत्ता इस्पितळाच्या चिठ्ठीची वाट बघत बसलाय. तुमचा फलक आज उतरला तर माझ्या कागदातली दुकानाची आणि त्या सिगारची ओळ मी काढीन. नाही उतरला तर दुकानाचं नावही घालीन."

बाकड्यावरच्या एका आजीबाईंनी दुकानदाराकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो जिन्यातच मागे सरला. तरी त्याची तक्रार हीच की सगळ्यांनी मिळून त्याच्यावर अन्याय केला. जिना उतरताना किल्ल्यावाल्यालाही तो हेच ऐकवून गेला. याला म्हणतात निगरगट्ट. मात्र संध्याकाळी काच रिकामी होती. दादाने शब्द पाळला, कात्रीने त्या ओळी कापल्या. बाकीचा कागद राहू दिला. मी म्हटलं, आता तोही काढ, उगाच लोकांच्या डोळ्यांवर येतं. तो म्हणाला, "येऊ दे. ते तर माझं आहे."

निकाल आला. अजून कर्करोग नव्हता, पण तिकडेच वाट चालली होती. चट्टा काढून टाकला आणि तंबाखू पूर्ण बंद केली तर बचावायची चांगली शक्यता होती. चट्टा काढला. टाके काढायला ड्रायव्हर दादाकडेच आले. या खेपेला त्यांनी तोंड उघडलं, टाके निघाले, चूळ भरली, आणि मग खुर्चीतून न उठता म्हणाले, "सोडतो. पण तुम्ही सिगार सोडलात तर."

दादा भडकलाच. "हा काय सौदा आहे? तुमचा जीव आणि माझा शनिवार, ही काय तुलना? माझा आठवड्याला एक. तुमच्या दिवसाला किती होत्या?"

"मग तुम्हाला सोपं आहे की."

"तुम्ही स्वतःसाठी सोडा, माझ्यावर उपकार म्हणून नको."

"स्वतःसाठी सोडली होती," ड्रायव्हर म्हणाले. "एका फोटोपुरती टिकली."

दादा दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळला, जणू मी काही बाजू घेईन. मी हातातल्या वेळापत्रकात डोकं घातलं. आतून ट्रेमध्ये चिमटा आपटल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "ठीक आहे," आणि ते इतक्या रागाने म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटलं असतं भांडण झालं.

त्याने खरंच सोडला. सुखाने नाही. पहिले काही महिने शनिवारची संध्याकाळ आम्हा सगळ्यांना नको व्हायची. तो घरभर फिरायचा, वहिनीच्या चहात कडवटपणा जास्त आहे म्हणायचा, माझ्या हातच्या कॉफीला साठ गुण द्यायचा. देवदाराची पेटी त्याने जजसाहेबांकडे पाठवून दिली. त्यांनी ती ठेवून घेतली, आभाराचा फोनही केला, आणि वर विचारलं की मागच्या खोलीत परत कधी येताय. दादाने फोन वहिनीच्या हातात दिला. वहिनी काय बोलली ते मला तिने सांगितलं नाही, पण त्यानंतर जजसाहेबांचा फोन आलेला नाही.

ड्रायव्हर आता ठरल्या दिवशी येतात. खुर्चीवर बसायच्या आधी दादा त्यांच्या शर्टाचा वास घेतो आणि ते दादाच्या कोटाचा. मग दोघांचं जुंपतं, कोणाला जास्त जड जातंय यावर. परवा तर बाकड्यावरचे लोकही त्यात पडले. मी सगळ्यांना गप्प केलं आणि ड्रायव्हरना आत पाठवलं, कारण त्यांच्यामागे आणखी पाच जण खोळंबले होते.